चौदा विभक्त्या

वसतिगृहाच्या तळघरात दोन धुलाईयंत्रं
आणि दोरीला पेन बांधलेली एक वही.
नाव लिहायचं, वेळ लिहायची,
आणि कपड्यांच्या आधी आपणच वाळत बसायचं.

पहिल्या रविवारी मी रोमन अक्षरांत लिहिलं, ज्ञानदा.
खाली कुणीतरी पेन्सिलीने विचारलं,
सुरुवातीचा ड मुका आहे का?
मी लिहिलं, मुका नाही. लाजाळू आहे.
सबंध सप्टेंबरात या तार्तू गावाशी
माझं एवढंच बोलणं झालं.

भाषेच्या वर्गात उर्वेबाईंनी फळा भरला.
आमच्या शाळेत विभक्त्या आठ,
त्याही स ला ते, स ला ना ते अशा सुरात
पाठ केल्या की सुटका.
इथे चौदा.
आत असणं वेगळं, आत शिरणं वेगळं,
आतून बाहेर पडणं आणखी वेगळं.
वर असलेलं, वरून उतरलेलं,
आणि एकाचं दुसरंच काही होऊन बसलेलं,
त्यालाही एक प्रत्यय.
बाई म्हणाल्या, घाबरू नका,
आमच्यात भविष्यकाळ नाही.
ते मी दोनदा अधोरेखित केलं.

मित्राला इथे म्हणतात सऽबर.
मी समासात लिहून ठेवलं: सोबत.
शेवटी गा लावला की मित्रासह,
ता लावला की मित्राविना.
एका अक्षराचा फरक.
ऑक्टोबर मी ता मध्ये काढला.

आई फोनवर, मैत्रिणी झाल्या का गं?
झाल्या की.
नाव सांग एखादीचं.
समोर धुलाईयंत्र होतं. त्याच्यावरचं नाव सांगितलं.
आई अजून तिची विचारपूस करते.
सर्दी बरी झाली का म्हणे तिची.

नोव्हेंबरात एकदा खाली गेले
तर माझे ओले कपडे कुणीतरी उपसून
टेबलावर ढीग घातलेला.
मग मी वहीत लिहिलं. मराठीत. तीन ओळी.
डोळे फुटलेत का, तळघर काय बापाचं आहे का, वगैरे;
नळ फुटल्यावर बाबा जे बोलतात
त्यातलंही थोडं.

दुसऱ्या दिवशी त्याखाली तीच पेन्सिल:
कपडे मी काढले. तू चाळीस मिनिटं उशीर केलास.
हे चष्म्यासारखं अक्षर कसं वाचायचं?
त्रीनू, खोली २०७.

मी लिहिलं, वाचून कळणार नाही. ऐकायला ये.

आली. अर्धा काळा पाव घेऊन आली.
तिचा ळ जिभेवरून घसरून ल होत राहिला,
तिच्या नावडत्या नदीतला, एमायऽगीतला तो स्वर
माझ्या घशात काट्यासारखा अडकला.
दोघींनी एकमेकींना नापास केलं
आणि पाव खाल्ला.

मग ती गप्प. दहा मिनिटं. वीस.
आमच्या घरी इतकं गप्प म्हणजे
कुणाचं तरी जेवणावरून उठणं.
मी तीनदा विचारलं, रागावलीस?
नाही, म्हणाली. बसलेय.

डिसेंबरात साडेतीनलाच काळोख.
तिने माझ्या कोटाला दोऱ्याने एक चकती लटकवली,
दिव्याचा झोत पडला की चमकणारी.
मी म्हटलं, किती गोड!
ती म्हणाली, कायदा आहे.
मग बटण लावत पुटपुटली,
गाडीवाल्यांना तू दिसायला हवीस.

चौदांत संबोधन नाही, हे मला उशिरा लक्षात आलं.
बाईंना विचारलं, मग हाक कशी मारता?
बाईंनी जरा विचार केला.
जवळ जातो, म्हणाल्या.

परवा पुलावर ती बरीच पुढे,
तिची चकती अंधारात लुकलुकत झुलणारी,
आणि वाळवणीच्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात.
तोंडातून निघून गेलं, अगं!
पुलावरचे दोन म्हातारे दचकले.
ती वळली नाही. थांबली मात्र.
खालून नदी बर्फाचे तुकडे ढकलत होती.

मी जवळ गेले. किल्ली दिली.
सातची वेळ आमची होती,
वहीत, एकाच ओळीत, पेन्सिलीने,
तिचं नाव आणि माझं,
ड सकट.