श्रोता वगळून

पहिल्याच आठवड्यात पाताशुरी सरांनी
प्रत्येकाला ओठांसमोर कागदाचा कपटा धरायला लावला.
आधी श्वास सोडून म्हणा, मग घसा कोंडून.
पहिल्या वेळी कपटा उडाला,
दुसऱ्या वेळी जागचा हलला नाही.
अठरा वर्षं मी हे दोन्ही तोंडात घेऊन फिरत होते,
खिशात किल्ली असावी
आणि कुलूप आहे हेच माहीत नसावं, तशी.

मार्शुत्काचा ड्रायव्हर विचारतो, काय शिकतेस?
भाषाशास्त्र.
मग किती भाषा येतात?
तीन, मी सांगते, आणि तो खट्टू होतो.
त्याच्या भाच्याला पाच येतात. हॉटेलात आहे तो, बातुमीला.

खोलीतली तेओना दातांची डॉक्टर होणार.
मीही दातच शिकते, मी म्हटलं,
पण जीभ त्यांना कुठे टेकते एवढंच.
ती हसली नाही. तिची परीक्षा होती.

दुपारी वाक्यांची झाडं काढतो.
मूळ वर, पानं खाली, फांद्या खाली खाली फुटत जाणाऱ्या.
तिबिलिसीच्या पोरांना हे नवल वाटतं.
आमच्या डोंगरात हिमकडा कोसळला
की झाडं अशीच पडलेली असतात.

मग फेब्रुवारीत एकदा
सरांनी विचारलं, इथे कुणाच्या घरी स्वान बोलतात?
मी हात वर केला, पण उशिरा.
शाळेत ती भाषा दप्तराबरोबर
दाराबाहेर ठेवायची सवय होती.

जॉर्जियनमध्ये 'च्वेन' म्हटलं की भागतं.
त्यात तुम्ही आहात की नाही
ते ज्याचं त्यानं ओळखावं.
आमच्याकडे क्रियापदच आधी सांगून टाकतं:
जिभेच्या शेंड्यावरचा ल, म्हणजे आपण.
घशातून खरवडत आलेला ख्व, म्हणजे आम्ही.
सरांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली,
एकात ऐकणारा आत, एकात बाहेर,
आणि म्हणाले, किती सुंदर आहे हे.
तोवर मला ते घरचं मीठ वाटत होतं,
लसूण घालून कुटलेलं, जेवणात असतंच असं.

मे महिन्यात गृहपाठ: दहा वाक्यं, खरी, कुणी तरी बोललेली.
मी दोमना आत्याला फोन लावला, रेकॉर्डर चालू केला.
गाय व्यायली. गेलाचं छप्पर बर्फानं खाली आणलं.
शेजारच्या दोघी इटलीला गेल्या, म्हाताऱ्यांना सांभाळायला.
मंगळवारी बटाटे लावायला घेऊ.

सातवं वाक्य ते.
गेल्या वर्षापर्यंत तिथे ल असायचा.
मी पडद्यावर ध्वनीचं चित्र उघडलं.
ख्व दिसायला साधाच असतो,
चुलीतली राख फुंकल्यासारखा एक करडा पट्टा.
त्याच्याखाली मी नियमाप्रमाणे लिहिलं:
लावणे, भविष्यकाळ, प्रथमपुरुष, अनेकवचन,
श्रोता वगळून.

श्रोता मीच होते.
तसं लिहायला रकाना नव्हता.

दहापैकी नऊ मिळाले.
सातव्या वाक्यापाशी लाल शाईत:
इथला स्वर दीर्घ आहे, पुन्हा ऐका.

तेओना झोपल्यावर, हेडफोन कानांवर दाबून, पुन्हा ऐकलं.
आहे दीर्घ.
मागे कोंबडी ओरडतेय, बादली कुणी तरी ओढतंय,
आणि ख्व म्हणून झाल्यावर आत्या
त्या स्वरावर जराशी थांबलीय,
दोनशे दहा मिलिसेकंद,
अडसर घालण्याआधी माणूस
वाटेकडे एकदा बघून घेतं, तेवढीच.
मग शब्द पुरा केलाय.

मी दीर्घाची खूण केली, फाइल परत पाठवली.
तो मंगळवार होऊन गेला होता.
त्या दिवशी सकाळी आमचा वाक्यविचाराचा तास होता
आणि मला फळ्यापाशी बोलावलं होतं.