लादी

फिनलंडहून भाड्याने आलेले कागद
मी स्टँडांवर लावते, वाद्यागणिक.
परत पाठवताना पेन्सिलीची प्रत्येक खूण खोडायची,
तसा करार आहे.

नरिमन पॉइंटच्या थंडगार हॉलमध्ये
पाहुणा कंडक्टर म्हणाला: हा समुद्र आहे,
हिवाळाभर गोठलेला.
ह्याच्या तळाशी आमचं एक जातं बुडालंय,
पीठ दळायचं, मीठ दळायचं, सोनंसुद्धा.
आमचा देश नकाशावर नव्हता
तेव्हा आम्ही त्याची घरघर ऐकत होतो.
इथे, चौऱ्याण्णवाव्या मापाला, बर्फ तडकू दे.

व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
बर्फ म्हणजे कुणाला सिमला, कुणाला फ्रीजचा ट्रे.

टिंपनीवर रेमंड किणी, कलिना गावठणातला.
त्र्याण्णव मापं तो नुसता मोजत बसतो,
रोझरी म्हणावी तसे ओठ हलवत.
पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही.
मग कापडाच्या काठ्या ठेवून लाकडाच्या घेतल्या,
आणि कातडं असं फुटलं
की माझ्या मांडीवरची फाईल घसरली.
कंडक्टरचे हात वरच राहिले, बराच वेळ.

चहाला विचारलं तर म्हणाला,
आई ससून डॉकला कोलंबी सोलायची.
पहाटे तीनला ट्रकमधून लाद्या पडायच्या फरशीवर.
मी टोपल्यांमागे झोपलेला.
एवढंच. बिस्कीट चहात बुडवलं.

कार्यक्रम झाला. रबर घेऊन बसले.
त्याच्या कागदावर, चौऱ्याण्णवाच्या डोक्यावर,
बारीक अक्षरात एक शब्द: लादी.

बाकी सगळं खोडलं.
हेलसिंकीचं पाकीट
दोनदा चिकटवलं.