सहा मिलिमीटर

एप्रिल लागला तरी मारियेहाम्नच्या धक्क्याशी
बर्फाचे करडे तुकडे एकमेकांना ढोसताहेत.
शेडमध्ये दोन घोड्यांवर आडवी तुमची डोलकाठी,
आणि तुमचं एकच, रूनार:
आठ मिलिमीटर घाल. सगळीकडे आठ.

कळतं मला.
यार्लची काठी सप्टेंबरात पडली,
तुम्हीच त्याला ओढून आणलंत,
शीड मागे पाण्यात, भिजलेल्या गोधडीसारखं.

पण जाड तार म्हणजे शहाणी तार नव्हे.
वर चढवलेला एकेक किलो
खालच्या कण्याशी रात्रभर भांडतो.
आणि जितकी जाड, तितकी ताणून बांधायची,
म्हणजे वाऱ्याच्या आधी
घरच्यांनीच काठीला दाबायचं.
नावातच डोल आहे तिच्या. थोडं डोलू द्यावं.

काल तुमच्या चार पोरांना एका काठावर उभं केलं
ते गंमत म्हणून नाही.
होडी किती कलते आणि कलून
किती हट्टाने उठते, ते मोजत होते.
तार वाऱ्याने तुटत नाही,
होडीच्या ह्या उठायच्या हट्टाने तुटते.
जी मान तुकवते तिला बारीक पुरते.
तुमची तुकवते, पण कुरकुरत.

विजेच्या बिलाच्या पाकिटावर हिशेब आहे:
उठायचा जोर, भागिले काठीपासून कडेपर्यंतचं अंतर,
मग गुणिले अडीच.
त्यातले दोन समुद्राचे,
अर्धा माझ्या चुकांचा.
बाजूंना सहा. खालच्या आखूड तारांना सात,
काठी पोटात वाकली की त्याच धरतात.
मागे पाच.

तोंड वाकडं करू नका, हा तुकडा घ्या हातात.
मध्ये एक, भोवती सहा, बाहेर बारा,
एकोणीस जणींची एक तार.
दोन टन लोंबकळले तरी सोडायची नाही.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं:
यार्लच्या तारा मीच निवडल्या होत्या.
तेरा वर्षं झाली.
माप बरोबर होतं. मधे कुठेच तुटली नाही ती.
खाली, टोपणात शिरते तिथे,
मचूळ पाणी साचतं आणि कुणी वाकून बघत नाही तिथे
चहासारखा एक डाग होता.
मी दोनदा त्याच्या होडीवर कॉफी प्यायले,
तिथून हातभर अंतरावर बसून.

आठचे पैसे वाचतील त्यातून भिंग घ्या.

काठी उभी करताना बुडाखाली नाणं ठेवाल ना,
ठेवा. तांब्याचं नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकेल.
जुना दहा पेन्नी असेल घरात कुठेतरी,
तो चालेल.
तिच्याच धातूचा आहे.