उरलेली पंचमी

ढोक गुरुजींच्या तक्त्यात स ला ते होतं, स ला ना ते होतं.
'ते' आमच्या गावात कोणीच बोलत नव्हतं,
तरी त्याला जागा होती.
'ले' सगळेच बोलायचे,
मायही, सरपंचही, आणि घंटा झाल्यावर
खुद्द गुरुजीही: चला पोट्टेहो, मले भूक लागली.
वहीत 'मले' लिहिलं की मात्र लाल रेघ.

म्हणून बेबीनंदानं आणि मी
संत्र्याच्या बागेत, फाटक्या पोत्यावर बसून
एक भाषा केली.
संत्र्याला तुम्मा. विहिरीला हुब.
विभक्त्या नऊ, तक्त्याहून एक जास्त;
ती नववी फक्त चोरीच्या मालाची.
तुम्माख म्हणजे दुसऱ्याच्या झाडाचं संत्रं.

बोलणाऱ्या दोघीच, म्हणून झिजली लवकर.
आंबिया बहार यायच्या आत तृतीया गेली.
चतुर्थी द्वितीयेत मुरली, कळलंही नाही.
चोरीची तेवढी टिकली
तिला नरखेडकडे दिलं तोवर.

परवा गेले तिच्याकडे, तेहतीस वर्षांनी.
गुडघे, साखर, जावयाचं बिनसलेलं,
सगळं सांगून झालं. मग मी भाषेचं काढलं.
काय व माय, म्हणाली, तुले अजून आठवते?
मले तं एक शबुद नाही.

आणि उठली. बकऱ्या काठाशी गेल्या होत्या.
पदर खोचून तिनं हाक घातली:
हुबणोर! हुबणोर!

हुब. णोर. म्हणजे विहिरीहून.
पंचमी, एकवचन.
बकऱ्या वळल्या.

हे काय ओरडतेस, विचारलं.
काही नाही व, बकऱ्याईले असंच म्हणतात.
तिची नातही म्हणते,
शेजारचा शेंबडा पोरगाही म्हणतो,
वावरात, डांबरी सडकेवर,
जिथं कोसभर विहीर नाही तिथंसुद्धा.
हुबणोर म्हणजे आता नुसतं: फिरा मागं.

मी काही सांगितलं नाही.
चहा प्याले. गूळ जास्त होता.
निघताना तिनं पिशवीत चार संत्री टाकली,
तिच्याच झाडाची,
तुम्माख नव्हेत.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, कुठून कुठं?
तोंडाशी आलेलं गिळलं.
वरूड, एक, म्हटलं.
कुठून, ते त्यानं पुन्हा विचारलं.