शनिवारचं शनिवारी

शाबलो तारींचा गुडघा सुजला त्या साली
त्यांचं फेरीधक्क्यावर जाणं सुटलं.
धक्क्यावरचं बोलणं काही सुटेना.
चाळीस वर्षं दिवाडीची माणसं
या तीरावरून त्या तीराला नेताना
अर्ध्यामुर्ध्या गोष्टी कानावर पडलेल्या,
शेवट दरवेळी पलीकडे उतरून गेलेला.

आता त्यांना शेवट हवे होते.
पण सगळे नकोत.

माझ्याकडे सायकल होती, सायकलला घंटी.
सोप्यावर बसवून त्यांनी नियम घालून दिले:
मानशीच्या लिलावाचं निघालं तर एकदा वाजव.
पुलाचं निघालं तर दोनदा,
म्हणजे होणार असं कुणी म्हणालं तरच;
होणार नाही, हे काय, रोजचंच.
कुणी गेलं तर तीनदा, कधीही,
पान वाढलेलं असलं तरी.
फुटबॉल नको.
कोण लिस्बनला गेला, कुणी घर विकलं, तेही नको...
थांब. वरच्या वाड्यावरचं घर असेल तर सांग.
आणि कायतानचं काही नको.
काही म्हणजे काहीच.

मजुरी रोज एक उंडो, शनिवारी दोन.

कायतान रिबेलोने, म्हणे, अकरा वर्षांपूर्वी
एका भरतीच्या रात्री मानशीची फळी उचलली
आणि खारं पाणी काकांच्या भातात शिरलं.
कायतान म्हणे, फळी कुजकी होती.
तेवढ्यावर दोन घरांतली वाट गवताने बुजली.

धक्क्यावर कायतान रोज सगळ्यांच्या आधी हजर.
मी सायकल टेकवली की गळाकडे बघत विचारायचा,
"त्याचा पाय?"
मी म्हणायचो, "आहे."
मग तो मोठ्याने फुटबॉलबद्दल बोलायला लागायचा.

मी परत येऊन वाजवायचो, किंवा वाजवायचो नाही.
न वाजवलेल्या दिवशी काका उंडो हातातच धरून ठेवत.
"आज काय काय वाजवलं नाहीस?"
मी फुटबॉल सांगायचो. घरं सांगायचो.
ते आणखी कशाची तरी वाट बघत
आणि मग उंडो देऊन टाकत.

चवथीनंतर एकदा नियम बदलला.
दुसरीकडे बघत म्हणाले,
"कायतानचं... रोज नको.
शनिवारी सांग. एकदम. थोडक्यात."

मग मी आठवडाभर साठवू लागलो.
कायतानने टोपी नवी घेतली.
कायतान खोकत होता.
कायतान म्हणाला, या फेरीला शाबलोसारखा वळसा जमत नाही.
हे शेवटचं मी दोनदा सांगितलं,
ते ऐकलं नाही असं दाखवत होते म्हणून.
एका शनिवारी यादी लवकर संपली.
"एवढंच?" ते म्हणाले. "अख्ख्या आठवड्यात?"

तो बुधवार होता.
मी कुंपणाशी उभा, अंगठा घंटीवर.
तीनदा, कधीही, पान वाढलेलं असलं तरी.
कायतानचं शनिवारी.
दोन्ही नियम त्यांचे, दोन्ही मला पाठ,
आणि मी बारा वर्षांचा.

तेवढ्यात टेकडीवरच्या इगर्जीची घंटा सुरू झाली.
तिला कुणी काही ठरवून दिलेलं नव्हतं.

काका बाहेर आले तेव्हा सदऱ्याची बटणं
एकेक घर चुकवून लावलेली.
"सोमवार-मंगळवारचं तुझ्याकडे राहिलंय," म्हणाले.

सोमवारी त्याने पायाचं विचारलं.
मंगळवारी गळाला मोठा चोणक लागला.
डोकं कापून केळीच्या पानात वेगळं बांधलं त्याने.
कुणासाठी, ते बोलला नाही.

काका पायरीवर बसले. दुखरा पाय लांब केला.
चोणकाचं डोकं त्यांना किती आवडायचं
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"पुलाचं काही?"
"नाही."
"बरं. मग वाजव आता."

मी वाजवली. तीनदा.
तिसरी नीट वाजली नाही,
अंगठा ओला होता.