आकृती

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक माणूस छापलाय,
एकदा पुढून, एकदा पाठून.
दुखापत जिथे, तिथे फुली मारायची.
बिस्मार्कच्या ऑफिसात एकोणीस वर्षं मी त्या फुल्या वाचतेय :
तेलविहिरीवरची बोटं, साखर कारखान्यातले गुडघे.
अंगठ्याला दर आहे,
करंगळीलाही आहे, थोडा कमी.

मार्लिस हाउगेननं फुली मारली
माणसाच्या बाहेर,
कोऱ्या जागेत, डोक्यापासून दोन बोटं लांब.
शेजारी बारीक अक्षरात :
तुमच्या माणसाला कान काढलेले नाहीत.

खरंच नव्हते.
अंड्यासारखं गुळगुळीत डोकं, इतकी वर्षं.

ती रात्रपाळीला मदतीचे फोन घ्यायची.
जानेवारीत एक पोरगा, नऊ वर्षांचा,
गोठलेल्या तळ्यावरून : बाबा गाडीसकट खाली गेले.
तिथेच थांब राजा, ती म्हणाली, पोटावर झोप, माझ्याशी बोल.
तो बोलला. मासे किती मिळाले तेही सांगितलं. तीन.
मग म्हणाला, त्यांचा हातमोजा दिसतोय,
आणि फोन बर्फावर ठेवला
हळूच, शहाण्या मुलासारखा.
पुढची अकरा मिनिटं नुसता वारा.
लाइन आपण तोडायची नसते, असा त्यांचा नियम.

प्रश्न सातवा : घटनास्थळापासून आपण किती अंतरावर होता?
बेचाळीस मैल, असं लिहून खोडलंय.
वर लिहिलंय, कानाला लागून.

नवरा कॉफीवर फुंकर मारतो
तेव्हा ती उठून अंगणात जाते, बिनकोटाची.
हे डॉक्टरांच्या पत्रात आहे, दुसऱ्या परिच्छेदात.

निकाल वरून आला.
शरीरास इजा नाही, सबब दावा अमान्य.
कानांवर हात ठेवणं म्हणतात ते हेच असावं,
सही-शिक्क्यानिशी.
टाइप मीच केला. दोन प्रती.

नकार फोनवरही कळवायचा असतो.
तिच्या घरी वाजू दिला, वाजू दिला,
आठव्या रिंगला लक्षात आलं मी काय करतेय ते.
ठेवला.

पाकिटात अपिलाचा फॉर्म घातला.
तिसऱ्या पानावर तोच माणूस.
पेन्सिलीला टोक होतं.
एक कान काढला, जरा मोठाच झाला.
दुसरा काढणार
तेवढ्यात डॅरिल टपाल न्यायला आला.