पोच

आज सात नोटिसा. खळ घरच्या मैद्याची,
डबा सायकलच्या हँडलला.
ग्रामसेवक म्हणाले, सोमवारी तालुक्याचं पथक येतंय,
तोवर वळसंगचं गावठाण मोकळं दिसलं पाहिजे.
दिसलं, असंच म्हणाले.

पहिल्या तीन सोप्या.
कडब्याची गंजी, रस्त्यात.
शेणाचा ढीग, शाळेच्या भिंतीला टेकून.
बंद टपरी, खाली कुत्री व्यालेली.
चौथीवर माझंच नाव:
यल्लप्पा शिवलिंग म्हेत्रे,
न्हाणीचा कट्टा रस्त्यात सव्वादोन फूट.
टेपचं एक टोक मीच धरलं होतं मागच्या मंगळवारी,
दुसरं बायकोनं.
देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.
घेणारा म्हणून जरा वाकडी केली.

पाचवी, मिळकत दोनशे एकोणीस,
बालामणी नरसय्या दुडम.
अंगणात दोन यंत्रमाग.
सोलापुरातला कारखाना बंद पडला तेव्हा
थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकानं दिलेले.
टेम्पोचं भाडं तिनंच भरलं.
थ्री फेजची लाइट येणार होती.
अजून यायचीच आहे.
पट्टा गेला, मोटार विकली,
सांगाड्यावर घोसाळ्याचा वेल चढला.

"वाच," म्हणाली. वाचलं.
निरुपयोगी, भंगार व आरोग्यास अपायकारक साहित्य
सात दिवसांच्या आत स्वखर्चाने हटवावे, अन्यथा
"अन्यथाच्या आधीचं परत वाच की."
परत वाचलं.
"निरुपयोगी कोण म्हणला?"
छापील आहे, म्हणालो.
"घोसाळी किती लागल्यात बग.
परवा तुझीच बायको नेली अर्धा किलो."

नेली होती. मी खाल्लीही होती.

पण मागांच्या मागे रंगाचं जुनं पिंप,
पावसाचं पाणी, पाण्यात अळ्या.
शेजारच्या हणमंत कोरेची पोरगी
आठ दिवस सिव्हिलला होती, सलाइनवर.
तक्रार त्याचीच.
पेन इतकं दाबून लिहिलेला अर्ज
की मागच्या बाजूनं बोटाला लागतो.
मी पिंप आडवं केलं.
अळ्या मातीवर वळवळल्या, मग नाही.
नोटिशीत हे काम माझ्याकडे नव्हतं.
ती बघत राहिली. म्हणाली,
"हे सांगितलं असतं तर मीच केले असते.
त्याला कागद कशाला?"

(चौकातल्या सरपंचांच्या मुरमाला
मिळकत क्रमांक नाही.
म्हणून नोटीस नाही.)

पंचनाम्यात वस्तूंची यादी लागते.
"भंगार लिहू नको, माग लिही."
माग लिहिलं. नग दोन.
"डावा टॉवेलचा. धोटा अडकायचा त्याचा, इथं,
बोट ठेवायला लागायचं."
बोट दाखवलं. नख नाही त्याला.
"उजव्यानं कधी त्रास दिला नाही,
म्हणून त्याचं काही आठवत नाही बग."
पुढचा रकाना, सध्याचा वापर.
मी लिहिलं: वेलास आधार.
ग्रामसेवक लाल पेनानं काट मारतील, माहीत होतं.
मारली.

नोटीस दाराला लावायची असते.
दाराला तिनं दिवाळीत निळा रंग दिलेला.
मी मागाच्या लोखंडी पायाला लावली,
गंजावर खळ चांगली धरते.

सहावी, सातवी लावून घरी यायला अंधार पडला.

सोमवारी पथक आलं.
शाळेचा फोटो, पाण्याच्या टाकीचा फोटो,
चहा, शेंगाचटणी पार्सल.
दुडमांच्या बोळात गाडी शिरतच नव्हती.
मुरमापाशी वळवता वळवता
साहेबांच्या ड्रायव्हरनं आरसा घासला
आणि सरपंच म्हणाले, गाव वाढतंय, साहेब.

काल तिकडून गेलो.
नोटिशीचं वरचं अर्धं पानांखाली गेलंय,
फक्त "अन्यथा" दिसतो
आणि माझी सही.
मुदत गुरुवारी संपते.
कोरेनं विचारलं, पुढे काय?
म्हटलं, दुसरी नोटीस.

संध्याकाळी कट्ट्याच्या दोन फरशा काढल्या.
तिसरी निघेना.
आत सिमेंट जास्त पडलंय,
मीच कालवलं होतं.